एवढ्याशा जिवाला काय कळतं?

१. एका तोंडून दोन वाक्यं

घरात तान्हं मूल असलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात, आणि बहुधा एकाच माणसाच्या तोंडून. पाळण्याशेजारी मोठ्या आवाजात वाद चालला असताना कुणी हटकलं, की उत्तर येतं, ‘असू दे, त्याला काय कळतंय!’ तेच मूल आठ महिन्यांचं होऊन नव्या पाहुण्याकडे जाईना, आईच्या पदरात तोंड खुपसून बसलं, की म्हणतात, ‘लबाडाला सगळं कळतं!’ काहीच कळत नाही आणि सगळं कळतं, या दोन टोकांमध्ये नक्की काय आहे, हा आईवडिलांचा खरा प्रश्न असतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात तो वजनाच्या आणि लसीच्या चौकशीआड लपलेला असतो, एवढंच.

घोटाळ्याची सुरुवात ‘कळणं’ या शब्दापासून होते. मराठीत गणित कळतं, दुसऱ्याचं दुःख कळतं आणि माणूसही कळतो. तिन्हींसाठी आपण एकच क्रियापद वापरतो. बालविकासाचे तक्ते मात्र हे तिन्ही वेगळे करून टाकतात. बौद्धिक विकासाचा एक रकाना, भावनिकचा दुसरा, सामाजिकचा तिसरा. तक्त्याला ते सोयीचं असतं, आणि मूल कुठे मागे पडत असेल तर तो तक्ता उपयोगीही पडतो. पण रकाने पाहून पाहून आपल्याला वाटू लागतं की बाळाच्या डोक्यातही असेच तीन कप्पे असतील: एकात खुळखुळा, दुसऱ्यात रडू, तिसऱ्यात आजी. गेल्या साठेक वर्षांत बाळांवर जे प्रयोग झाले त्यांतून निघणारं चित्र निराळं आहे. या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे, की बाळाला फार लवकर आणि फार पक्कं कळतं ते हे, की आपण काही केलं तर समोरून काही येतं की नाही. वस्तूंची समज, भाषा, भीती, माया हे सारं या एका ओळखीच्या आधाराने वाढतं. पुराव्यांकडे क्रमाने जाऊ, आणि वाटेत येणाऱ्या आक्षेपांनाही टाळायला नको.

२. न बोलणाऱ्याला विचारायचं कसं?

पहिली अडचण साधी आहे. बाळ बोलत नाही, बोट दाखवत नाही, मान हलवून होकार देत नाही. मग त्याला काय कळतं हे तपासायचं कसं? त्याला जे जमतं त्यातूनच उत्तर काढावं लागतं. नवजात बाळाला जमणाऱ्या गोष्टी दोन-तीनच: चोखणं, बघणं, पाय झाडणं. संशोधकांनी या तिन्हींचे प्रश्नोत्तरांसाठी उपयोग करून घेतले, आणि मला वाटतं, या शास्त्रातली खरी कल्पकता तिथेच आहे.

१९८० साली अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. बाळं चोखताना मधे मधे थांबतात. हा विराम एका प्रकारचा असला तर कानात आईचा आवाज यायचा, दुसऱ्या प्रकारचा असला तर दुसऱ्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय आईचा आवाज येईल अशा तऱ्हेने बदलली. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. आईचा आवाज बाळाला पोटातूनच ओळखीचा असतो, ही एक. तिची चर्चा खूप होते. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. तीन दिवसांच्या जिवाला ‘मी असं केलं की तसं होतं’ हा धागा पकडता आला, आणि तो धागा ओढून त्याने मागवलं काय, तर एक माणूस.

पाय झाडण्याचा प्रयोग तर आपल्याकडच्या पाळण्यावरच करावा असा आहे. पाळण्याच्या वर रंगीत कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगलेलं असतं. समजा, त्याला एक रेशमी फीत बांधली आणि तिचं दुसरं टोक तीन महिन्यांच्या बाळाच्या घोट्याला. बाळ सहज पाय हलवतं, चिमण्या नाचतात. पुन्हा हलवतं, पुन्हा नाचतात. काही मिनिटांत बाळ दुप्पट जोराने पाय मारू लागतं. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी अशाच हलत्या खेळण्यावर अनेक वर्षं काम केलं. आठवड्याने तेच खेळणं, फीत न बांधता, तीन महिन्यांच्या बाळाला पुन्हा दाखवलं तर ते बघताक्षणी पाय झाडायला लागतं. म्हणजे त्याला आठवतं. ‘तान्ह्या मुलाला स्मृती नसते’ ही समजूत इथे मोडते. चिमण्या आपोआप नाचताना बाळ नुसतं बघतं. आपल्या पायाने नाचल्या की त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते.

३. रुमालाखालचा खुळखुळा

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांची बारकाईने निरीक्षणं केली आणि १९३० च्या दशकात त्यांवर पुस्तकं लिहिली. त्यांचं एक निरीक्षण आज कोणीही घरी करून पाहू शकतं. सहा महिन्यांच्या बाळाच्या हातासमोर खुळखुळा ठेवा. ते झेपावतं. आता त्याच्या डोळ्यांदेखत खुळखुळ्यावर रुमाल टाका. बाळ हात मागे घेतं आणि दुसरीकडे बघू लागतं, जणू खुळखुळा जगातूनच गेला. आठ-नऊ महिन्यांचं झालं की तेच बाळ रुमाल ओढून काढतं. पियाजेंनी निष्कर्ष काढला की दिसेनाशी झालेली वस्तू असतेच, हे ज्ञान बाळाला जन्मतः नसतं. ते हात, तोंड आणि डोळे वापरत महिन्यांच्या खटाटोपातून कमावतं.

पुढे १९८५ साली रेने बायार्जों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातली एक फट हेरली. रुमाल ओढायला हात नीट चालावे लागतात. बाळाला वस्तू आहे हे माहीत असेल, पण हाताला युक्ती सुचत नसेल तर? म्हणून त्यांनी हाताऐवजी नजर मोजली. पाच महिन्यांच्या बाळापुढे एक फळी पुढे-मागे पडायची, एखाद्या पेटीच्या झाकणासारखी. मग फळीच्या मागे एक ठोकळा ठेवला. आता फळी मागे पडताना ठोकळ्याला अडायला हवी. ती अडली, तर बाळ थोडा वेळ बघून कंटाळलं. पण गुप्त युक्तीने ठोकळा काढून घेऊन फळी पार सपाट पडू दिली, तेव्हा बाळ जास्त वेळ टक लावून पाहत राहिलं. ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न त्या नजरेत होता, असं संशोधकांचं म्हणणं.

इथे एक आक्षेप घेतला गेला आणि तो हलका नाही. जास्त वेळ बघणं म्हणजे आश्चर्य, हे कुणी ठरवलं? काहीतरी जास्त हललं म्हणूनही नजर खिळू शकते. बाळांबद्दलचे गाजलेले दावे डळमळल्याची उदाहरणं आहेत. नवजात बाळ मोठ्यांनी जीभ काढली की जीभ काढतं, हा १९७७ चा प्रयोग पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापला गेला. २०१६ साली शंभराहून अधिक बाळांवर अधिक कडक पद्धतीने तो तपासला तेव्हा नक्कल काही दिसली नाही. त्यामुळे ‘पाच महिन्यांच्या बाळाला पदार्थविज्ञान येतं’ असल्या मथळ्यांपासून चार हात दूर राहिलेलं बरं. माझं मत विचाराल तर पियाजेंचा कालक्रम जरा उशिराचा निघाला, पण वस्तूशी झटापट करत समज पक्की होते, हा त्यांचा गाभा टिकला आहे.

आता हाच खेळ माणसाबरोबर बघा. ‘बुवा कुक!’ म्हणत आजी पदराआड तोंड लपवते आणि पुन्हा डोकावते. चार महिन्यांचं बाळ तोंड दिसलं की हसतं. आठ महिन्यांचं बाळ तोंड लपलेलं असतानाच हसायला तयार बसलेलं असतं. वर्षाचं झालं की ते स्वतः दुपट्याआड लपतं. वस्तू नाहीशी होऊनही असते, वाट पाहायची असते, आणि आपण लपलो की समोरचा शोधतो, हे तीन धडे एका पदरात. एका रकान्यात न मावणारा हा खेळ आपल्या घरांत कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून चालू आहे.

४. ताक आणि टाक

‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला ऐकूच येतो. इंग्रजीच बोलत मोठ्या झालेल्या माणसाला मात्र तो बहुतेकदा ऐकू येत नाही. त्याच्या भाषेत त आणि ट असे वेगळे वर्ण नाहीत. कॅनडातल्या जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदीतली हीच त-ट जोडी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवली. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. म्हणजे वर्ष भरता भरता बाळ काहीतरी विसरतं! हे नुकसान वाटेल, पण ती निवड आहे. धान्य निवडताना खडे बाजूला काढतात, तसं घरात न लागणारे फरक बाळ बाजूला सारतं आणि लागणारे धारदार करतं. मराठी घरातल्या बाळाला त-ट राखावे लागतात, ण-न राखावे लागतात, ळ राखावा लागतो.

हे वाचून कुणी म्हणेल, ‘मग यात माणसाचा काय संबंध? कान आहेत, आवाज पडतोय, कान आपलं काम करतात.’ हा आक्षेप रास्त आहे, आणि पॅट्रिशिया कुल यांनी तो २००३ साली थेट तपासला. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून पुस्तकं दाखवत, खेळत बोलल्या. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेवढाच वेळ. नंतर चिनी भाषेतले दोन जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखता येतात का, हे पाहिलं. समोर माणूस असलेल्या बाळांना आले. पडदा पाहिलेल्यांना अजिबात आले नाहीत. ती चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच राहिली. आवाज तोच, शब्द तेच, चेहराही तोच. पण पडद्यावरची बाई बाळाने हुंकार दिला म्हणून थांबत नव्हती, आणि बाळ बघत असलेल्या चित्राकडे वळत नव्हती.

त्याच वर्षी मायकल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी या वळण्या-थांबण्याचंच मोजमाप केलं. सुमारे आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटातल्या आईला सांगितलं, बाळाने ‘बा-बा’ सारखा आवाज काढला की लगेच हसा, जवळ सरका, हात लावा. दुसऱ्या गटातल्या आईनेही तितक्याच वेळा हसायचं, हात लावायचा, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. थोड्याच वेळात पहिल्या गटातल्या बाळांचं बडबडणं बदललं, अधिक स्पष्ट, शब्दाच्या जवळ जाणारं झालं. दुसऱ्या गटात तसं झालं नाही. माया दोन्हीकडे सारखी मिळाली होती. फरक फक्त वेळेचा होता, उत्तराची वेळ आणि रिकाम्या लाडाची वेळ यांतला.

म्हणूनच ‘मोबाइलवर गाणी लावली की शांत बसतं, शिवाय शिकतंही’ यातला पहिला भाग खरा आणि दुसरा संशयास्पद. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये असं सांगितलं, पण एक अपवाद केला: नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. अपवाद गमतीचा वाटला तरी त्यामागे विचार आहे. २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवी क्रियापदं उचलली. त्याच माणसाचं आधीच चित्रित केलेलं बोलणं दाखवलं तेव्हा नाही. पुण्यातली आजी आणि न्यू जर्सीतली नात यांच्यात काच असली तरी आजी ‘अय्या, हा कुठला ड्रेस?’ असं नातीकडे बघून विचारते, नात ड्रेस वर करून दाखवते. आजी उत्तर देते, गाण्याची चित्रफीत देत नाही.

५. आईचा थिजलेला चेहरा

आतापर्यंत बोलणं चिमण्यांचं, ठोकळ्यांचं आणि वर्णांचं झालं. भावनेचं काय? एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तीनच पावलांचा आहे. आई बाळासमोर बसून नेहमीसारखी खेळते, बोलते. मग ती काही वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळाकडे बघते, पण हसत नाही, बोलत नाही. मग पुन्हा नेहमीसारखी होते. मधल्या त्या थोड्या वेळात बाळ काय करतं ते पाहण्यासारखं असतं. ते आधी गोंधळतं, मग हसून दाखवतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, थोडक्यात, आजवर ज्या ज्या युक्तीने आईचं उत्तर मिळालं त्या सगळ्या युक्त्या एकामागून एक वापरून पाहतं. काही केल्या उत्तर येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, अंग सोडतं, कित्येकदा भोंगा पसरतं. आई दोन फुटांवर आहे. पोट भरलेलं आहे. दुपटं कोरडं आहे. तरी बाळाच्या दृष्टीने काहीतरी मोठं बिघडलेलं आहे.

‘त्याला काय कळतंय’ या वाक्याला यापेक्षा सरळ उत्तर मला ठाऊक नाही. पण या प्रयोगाची चित्रफीत पाहून पुष्कळ आया घाबरतात, आणि तिथे मला हात वर करून थांबवावंसं वाटतं. ‘म्हणजे मी स्वयंपाकात असताना, फोनवर असताना, दमून भिंतीकडे बघत बसलेली असताना बाळाचं नुकसान होतं का?’ ट्रॉनिक यांच्याच पुढच्या निरीक्षणांचं उत्तर दिलासा देणारं आहे. सर्वसाधारण सुदृढ जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर जुळलेला असतो तो सुमारे ३० टक्केच वेळ. उरलेला वेळ चुकामूक आणि ती दुरुस्त करणं यात जातो. बाळ हसतं तेव्हा आईचं लक्ष नसतं, आई बोलते तेव्हा बाळाला जांभई येते, मग कुणीतरी पुढाकार घेऊन सूर पुन्हा लावतं. बाळ शिकतं ते या दुरुस्तीतून. तुटलेलं जोडता येतं, आणि जोडण्यात आपलाही हात असतो, हे त्याला उमगतं. सदैव हसऱ्या, सदैव हजर आईची अपेक्षा बाळाची नसते. ती आपण पोस्टरांवरून उचललेली आहे.

वर्षाच्या सुमारास या व्यवहाराला एक नवं वळण लागतं. त्यासाठी पाहावा असा प्रयोग म्हणजे काचेचा कडा. जाड काचेखाली एका बाजूला जमीन लगेच आणि दुसऱ्या बाजूला खोल, त्यामुळे पुढे दरी असल्याचा भास होतो. १९८५ साली जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी ही दरी मुद्दाम उथळ, सुमारे ३० सेंटिमीटरची ठेवली. धड भीती वाटावी इतकी नाही, धड निर्धास्त व्हावं इतकी नाही. वर्षाचं बाळ रांगत कडेपर्यंत येतं, थबकतं आणि पलीकडे उभ्या आईच्या तोंडाकडे बघतं. आईचा चेहरा आनंदी असेल तेव्हा १९ पैकी १४ बाळांनी काच ओलांडली. चेहरा भेदरलेला असेल तेव्हा १७ पैकी एकानेही नाही. आता सांगा, खोली मोजणं बौद्धिक, भीती भावनिक आणि आईकडे बघणं सामाजिक, असे तीन रकाने या एका क्षणाचे कसे करायचे? मूल पडल्यावर रडण्याआधी आपल्या तोंडाकडे बघतं, हे तर प्रत्येक घराला माहीत आहे. लागलं का, हे ते आपल्याला विचारत असतं.

६. ‘कडेची सवय लागेल हो!’

इथे घराघरातला सर्वांत जुना आक्षेप पुढे येतो. दर वेळी रडलं की उचललं तर मूल शेफारेल, कडेची सवय लागेल. १९७२ साली सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी उलट निष्कर्ष मांडला: पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर उत्तर मिळालं ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. तो फार लोकप्रिय झाला. पण पुढे डच बाळांवर झालेल्या अभ्यासात तो तसा निघाला नाही. बारीकसारीक कुरकुरीला आई जरा थांबली तर नंतर रडणं वाढलं नाही, उलट थोडं कमीच झालं. यातून मला दिसतं ते असं, की पोटदुखीचा टाहो आणि झोपेआधीची कुरकुर यांना एकच उत्तर देऊ नये, आणि यांतला फरक ओळखणं हाच मुळात प्रतिसाद आहे. प्रतिसाद म्हणजे दर आवाजाला धावणं नव्हे. पण पहिल्या वर्षातल्या बाळाला ‘धडा शिकवायला’ रडू देणं मात्र फसतं, कारण आपण हट्ट करतोय हे ठरवून आपल्याला वाकवण्याइतका डाव त्याच्या डोक्यात अजून तयारच झालेला नसतो.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक खोल जातो. ही समोरासमोर बसून गप्पा मारणारी आई अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतली आहे, जगातल्या बहुतेक आया अशा बसत नाहीत. रॉबर्ट लव्हाइन यांनी १९७० च्या दशकात केनियातल्या गुसी लोकांत काम केलं. तिथल्या आया बाळाच्या डोळ्यांत फारसं बघत नसत, त्याच्याशी लांबलचक बोलत नसत. पण बाळ रात्रंदिवस अंगाला लागून असे आणि रडू फुटताच त्याला उचललं किंवा पाजलं जाई. एन्सवर्थ यांनीही आपला पहिला अभ्यास १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत केला होता, आणि तिथे बाळाचा आधार एकटी आईच नव्हती. माझ्या मते या आक्षेपाने मूळ मुद्दा कोसळत नाही, त्याला शिस्त येते. उत्तर शब्दांनीच द्यायला हवं असं नाही. त्वचेने देता येतं, कडेवर घेण्याने देता येतं, तेल चोळणाऱ्या हाताच्या दाबाने देता येतं. आणि ते देणारं माणूस एकच हवं असंही नाही. सकाळी आजी, दुपारी मोठी बहीण, रात्री आई अशी तीन माणसं बाळाला सहज पेलतात. माणसं रोज बदलत गेली तर मात्र पेलत नाही.

७. उत्तरच आलं नाही तर

तिसरा आक्षेप उरतो. वाढ तर होणारच. बीज पेरलं की रोप येतं, मूल वेळ झाली की चालतं, बोलतं. आपल्या उत्तराने खरंच एवढा फरक पडतो का? हे तपासायला कुणी मुद्दाम बाळांना उत्तराविना वाढवणार नाही. पण एका देशाने ते करून ठेवलं होतं. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली, आणि घरांना न पेलणारी मुलं संस्थांत जाऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट पडली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. खाणं, कपडे, छप्पर बहुतेकांना होतं. पण एका बाईकडे बाळं इतकी, की पाजणं, पुसणं हे सारं घड्याळावर चाले, बाळाच्या रडण्यावर नाही. अशा काही खोल्या विलक्षण शांत असल्याचं पाहणाऱ्यांनी लिहिलं आहे. रडून कोणी येत नाही हे कळलं की बाळ रडणं सोडतं.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये अशा संस्थांतली १३६ मुलं घेतली. सर्वांची वयं ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना, यासाठीच तयार केलेल्या पालक-कुटुंबांत पाठवलं. निम्मी संस्थेत राहिली, मात्र त्यांनाही कुठे घर मिळालं तर अडवायचं नाही असं ठरलं होतं. साडेचार वर्षांच्या वयात बुद्धिमापनात संस्थेतल्या मुलांची सरासरी ७३ च्या आसपास आली, कुटुंबात गेलेल्यांची ८१, आणि जन्मापासून स्वतःच्या घरात वाढलेल्या रुमानियन मुलांची १०९. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना जास्त फायदा झाला. या आकड्यांत वाचण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ज्याला आपण निखळ ‘बुद्धी’ म्हणतो तो रकानासुद्धा उत्तर देणाऱ्या माणसाविना खाली गेला. आणि उशीर झाला तरी सारं संपलेलं नसतं, ८१ हे ७३ पेक्षा वरच आहे. बीज आणि रोपाची उपमा इथे तोकडी पडते. रोपाला पाणी मिळालं की ते वाढतं, ते कुणी घातलं याने रोपाला फरक पडत नाही.

८. ‘नाही!’ आणि चिमटा

दीड वर्षाच्या सुमारास मुलाच्या हातात एक नवं खेळणं येतं, ‘मी’. बाळाच्या नकळत नाकाशेजारी लाल ठिपका लावायचा, आपल्याकडे तीट लावतात तसा, आणि आरशासमोर उभं करायचं. हा प्रयोग बेउला अ‍ॅमस्टरडॅम यांनी १९७२ साली मांडला. वर्षाचं मूल आरशातल्या बाळाला हात लावतं. अठरा ते चोवीस महिन्यांचं मूल बहुधा स्वतःच्या नाकाकडे हात नेतं. काही समाजांतल्या मुलांना याला जास्त वेळ लागतो, तेव्हा महिन्यांचा आकडा दगडावरची रेघ मानू नये. ‘मी’ आला की पाठोपाठ ‘नाही’ येतो. भात? नाही. चड्डी? नाही. आंघोळ? नाही. घर हैराण होतं. पण जो माणूस आपल्या म्हणण्याला आजवर उत्तर देत आला त्याचं म्हणणं आपल्यापेक्षा वेगळं असू शकतं, याचाच हा शोध आहे, फक्त तो बेसूर आवाजात लागलेला असतो.

बर्कलीतल्या बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली हा शोध बशीत मांडला. एका बशीत खारी बिस्किटं, दुसऱ्या बशीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडली. मुलासमोर बसलेल्या बाईने मात्र ब्रोकोली खाऊन ‘अहाहा’ केलं आणि बिस्किटाला तोंड वाकडं केलं. मग हात पुढे करून ‘मला देतोस?’ असं विचारलं. चौदा महिन्यांच्या मुलांनी बिस्किट दिलं. आपल्याला जे आवडतं तेच जगाला आवडतं, या मोठ्या मनाने दिलं. अठरा महिन्यांच्या मुलांनी, स्वतःला ती न आवडूनही, ब्रोकोली उचलून दिली. चार महिन्यांच्या अंतरात दुसऱ्याची जीभ कळू लागली होती.

फेलिक्स वार्नेकन आणि मायकल टॉमासेलो यांनी २००६ साली अठरा महिन्यांच्याच २४ मुलांसमोर साध्या घरगुती अडचणी घडवून आणल्या. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात पोचत नाही. मासिकांचा गठ्ठा हातात असल्याने कपाटाचं दार उघडता येत नाही. मदत कुणी मागितली नव्हती, बक्षीस नव्हतं, शाबासकीही नव्हती. २४ पैकी २२ मुलं निदान एकदा तरी उठून गेली. चिमटा उचलला, नेऊन दिला. मग त्याच माणसाने चिमटा हातून न सुटता मुद्दामच खाली फेकला. तेव्हा फारशी कोणी जागची हलली नाहीत.